गालावरचं वर्ष

“आणि धाकटीला?” आरोग्य खात्याकडून आलेल्या मुलीनं विचारलं.

“धाकटीला मांडीवर,” आई म्हणाली. “तो मीच दिला तिला.”

नझीहा कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपण नीट ऐकलं नाही असंच तिला आधी वाटलं. अंगणात आई पाय पसरून बसली होती, भोवती लाल मिरच्यांचा ढीग, हात मनगटाच्या वरपर्यंत लाल. मिरची उभी चिरायची, अंगठ्यानं बी उपसायचं, गर एका टोपलीत, बी दुसऱ्या. बोलताना तिचा हात जरासुद्धा थांबला नव्हता. समोर बुटक्या स्टुलावर ती मुलगी, हनादी नाव तिचं, बोलणं दमास्कसकडचं, मिरचीच्या झणक्यानं सारखी नाक पुसत होती. सकाळपासून ती गल्लीतल्या एकेका दारात जात होती. उन्हाळ्यात गच्चीवर झोपता का, भिंतींना भेगा आहेत का, शेजारी कुणी मेंढ्या बांधतं का, कचरा कुठे टाकता, घरात वर्षाचा फोड, तो वर्षभर राहून डाग ठेवून जाणारा, कुणाकुणाला होऊन गेलाय. हलबमध्ये, म्हणजे अलेप्पोत, हा असला प्रश्न विचारायचा म्हणजे घरात कुणाला सर्दी होऊन गेली का असं विचारण्यासारखं होतं. आई मात्र प्रत्येक उत्तर चवीनं देत होती. इतक्या वर्षांत तिला कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते.

“दिला म्हणजे कसा, खाला?”

“कसा म्हणजे, सुईनं. मोठीच्या गालावरचा ओला होता ना तेव्हा. सुई त्यात बुडवायची आणि लहानीच्या मांडीवर टोचायची, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी. एकदा होऊन गेला की माणसाला परत होत नाही. चेहरा वाचतो. माझ्या आईनं मला तसंच केलं होतं. हे बघ.” तिनं बाही वर सरकवली. दंडाच्या आतल्या बाजूला एक जुना, पांढुरका, चुण्या पडलेला डाग होता. तो नझीहानं जन्मभर बघितला होता आणि कधी त्याचा विचार केला नव्हता.

“आता नका हं असं कुणाला करू,” हनादी हसत पण काळजीनं म्हणाली. “त्यातून भलतंच काही व्हायचं. आता इंजेक्शनं आहेत.”

“आता कुणाला करू? माझ्या पोरीच म्हाताऱ्या झाल्या. पण हा कशानं होतो म्हणालीस? आम्ही म्हणायचो कुवैक नदीच्या पाण्यानं होतो.”

“माशीनं. वाळूमाशी म्हणतात. डासापेक्षा लहान, उडतानाही आवाज करत नाही. भेगांमध्ये, ओलसर कोपऱ्यात राहते. फोड असलेल्या माणसाला चावते आणि मग शेजारी झोपलेल्याला चावते.”

आईनं क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. “म्हणजे माशीचं काम मी केलं म्हण की! फक्त जागा बघून केलं.”

दोघी हसल्या. नझीहानं ट्रे खाली ठेवला, तेव्हा पेल्यांचा आवाज झाला. हनादीनं वर बघितलं आणि तिची नजर, धंद्याची सवय म्हणूनच असेल, सरळ नझीहाच्या डाव्या गालावर गेली आणि तिथे थोडी थांबली. डोळ्याच्या खालची पापणी ओढून धरणारा, तीन फोड एकत्र होऊन झालेला तो डाग. “तुम्हाला किती वर्षांच्या असताना झाला?” तिनं विचारलं. नझीहा काही बोलायच्या आत आईच म्हणाली, “सहा. सहावं सरत होतं,” आणि पुढची मिरची उचलली.

नझीहाला सगळ्यात आधी आठवली ती किटली. विदादच्या मांडीवर डाग आहे हे तिला माहीत होतं. हम्माममध्ये दोघी शेजारी बसून अंग चोळायच्या तेव्हा तो कडेला चुरगळलेला गुळगुळीत चट्टा तिनं कितीदा तरी बघितला होता आणि बघून दुसरीकडे मान फिरवली होती. तो भाजल्याचा होता. विदाद लहान असताना तिच्या अंगावर चहाची किटली उलटली होती, आणि ती उलटली होती नझीहाच्या दुर्लक्षामुळे, कारण आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती आणि बहिणीकडे बघ असं तिला सांगून गेली होती. किटली उलटताना तिनं बघितली नव्हती, पण आईनं ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की हळूहळू तिला ती दिसायला लागली. निळ्या इनॅमलची, कान उडालेला, झाकण दोऱ्यानं बांधलेलं. तोंडातून निघणारी वाफसुद्धा दिसायची. शाळेत असताना या किटलीची स्वप्नं पडून ती दचकून जागी व्हायची. विदादचं लग्न ठरलं तेव्हा तो डाग तिच्या नवऱ्याला दिसणार या विचारानं तिला जेवण गेलं नव्हतं. आणि आता ट्रेशेजारी उभं राहून तिला पहिल्यांदाच वाटलं, आपल्या घरात निळी किटली होती तरी का? पितळी होती. मग नंतर अल्युमिनियमची आली. निळी कुणाकडे होती? निळी तिनं स्वतःच बनवली होती, आईच्या चार शब्दांवरून, आणि जन्मभर जपून ठेवली होती.

हनादी गेली. जाताना तिनं सांगितलं, गच्चीवर झोपलात तर बारीक जाळीची मच्छरदाणी लावा, भिंतींच्या भेगा बुजवून घ्या, कुणाला नवा फोड दिसला तर दवाखान्यात लगेच पाठवा. आईनं तिला मूठभर मिरच्या पिशवीत घालून दिल्या, नको नको म्हणत असताना. मग दार लागलं आणि अंगणात पुन्हा तो चिरण्याचा, उपसण्याचा आवाज. नझीहा स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली पेले धरून उभी राहिली. पाणी हातावरून वाहत होतं आणि तिच्या मनात ती गच्ची हळूहळू वर येत होती, जिला आज तिनं खरं तर हातही लावायला नको होता.

कारण तिच्याकडे आईची अशी एकच आठवण होती. बाकी सगळं आयुष्य आई कामात होती, कपड्यांच्या घड्यांत, भांड्यांत, शेजारणींशी भांडण्यात, साबणाच्या कारखान्यातून येणाऱ्या वडिलांच्या जेवणात. नझीहाला ती जवळ घेत नसे असं नव्हे, पण वाटेवरच्या वस्तूला बाजूला करताना हात लागावा तसा तिचा हात लागायचा. फक्त सहाव्या वर्षी, गालावर फोड होता त्या शरद ऋतूतल्या काही संध्याकाळी निराळ्या होत्या. गच्चीवर अंथरूण घातलेलं असायचं. शेजारी विदाद झोपलेली. आई कंदील जवळ ओढायची, नझीहाचं डोकं मांडीवर घ्यायची आणि तिचा गाल उजेडाकडे वळवायची. आईच्या झग्याला साबणात घालतात त्या लॉरेलच्या तेलाचा वास यायचा, वडिलांच्या कपड्यांतून तिच्या कपड्यांत आलेला. आई गालावर हळू फुंकर घालायची. आईचा श्वास तिच्या डोळ्यावर यायचा. “हलू नकोस, माझी आई,” असं ती म्हणायची. “स्वच्छ करते. मेल्यावर तुझ्या हातची माती मिळू दे मला, हलू नकोस.” दुखायचं, फार दुखायचं, पण नझीहा हलायची नाही. दुखणं संपलं तर मांडीही संपेल, हे तिला कळत होतं. त्यातल्या एका संध्याकाळी आई चटकन उठली होती, तिचं डोकं उशीवर टाकून. अंधारात कुठेतरी वाकली होती, आणि विदाद झोपेत किंचाळून उठली होती. “स्वप्न पडलं तिला,” आई म्हणाली होती. नझीहानं सरकत जाऊन बहिणीला जवळ घेतलं होतं, मनुके भरवले होते, आणि आपण किती मोठ्या झालो असं तिला वाटलं होतं.

पुढे आयुष्यात जेव्हा जेव्हा कुणीतरी तिच्या चेहऱ्याकडे बघून नजर काढून घेतली, तेव्हा तेव्हा ती या गच्चीवर गेली होती. मुलगी बघायला येणाऱ्या बायका कॉफी संपवून “आणि ती दुसरी?” असं विचारायच्या तेव्हा. तशी हलबमध्ये फोडाच्या डागाची कुणी पर्वा करत नाही. शहरातल्या अर्ध्या लोकांच्या कपाळावर, हनुवटीवर, नाकाच्या शेंड्यावर तो असतो. परदेशात एकमेकांना ओळखायचं साधन आहे म्हणून माणसं चेष्टा करतात. पण ते नाण्याएवढे डाग. नझीहाचा डाग पापणी खाली ओढायचा. वारं सुटलं की त्या डोळ्यातून पाणी यायचं आणि रस्त्यात अनोळखी बायका थांबून विचारायच्या, “काय झालं गं, का रडतेस?” टेलिफोन एक्सचेंजमधली नोकरी आईनंच शोधून दिली होती. “तिथे बरं,” आई म्हणाली होती, “चेहरा दिसत नाही कुणाला.” आणि बरंच होतं खरोखर. नंबर विचारणारी माणसं तिच्या आवाजाशी मऊ बोलायची. एकदा होम्स शहराकडचा एक ऑपरेटर तिला भेटायला म्हणून हलबला आला होता आणि एक्सचेंजच्या पायऱ्यांवर तिला ओळखू न शकता निघून गेला होता, निदान तिनं तसंच समजायचं ठरवलं होतं. त्या दिवशीही ती संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसली होती. डोळे मिटून गालावर ती फुंकर आठवत बसली होती. कुणीतरी एकदा या गालाकडे एवढं लक्ष देऊन बघितलं होतं. कुणीतरी या गालाची एवढी काळजी केली होती.

आणि आई फोड बघत होती. तो ओला आहे का, पुरेसा ओला आहे का, ते बघत होती. विहिरीत पाणी किती आलंय हे वाकून बघावं तसं.

रात्रभर ती आईशी काही बोलली नाही. आईलाही ते जाणवलं नाही. तिचे हात मिरचीनं पेटले होते आणि ती ते दह्यात बुडवून बसली होती. दुसऱ्या दिवशी एक्सचेंजमधून सुटल्यावर नझीहा घरी न जाता मायक्रोबसमध्ये बसली आणि विदादच्या घरी गेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे इमारती नव्या आहेत आणि भिंतींना भेगा नाहीत. खिडकीशी बसून तिनं डोळ्यावर रुमाल धरला होता. बसभर माणसं होती आणि त्यांच्यातल्या कितीजणांच्या चेहऱ्यावर डाग होते. ती आज पहिल्यांदा ते मोजल्यासारखे बघत होती. कुणाच्या भुवईत, कुणाच्या मनगटावर. ज्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं त्यांच्याकडे ती जास्त वेळ बघत राहिली. यांच्या कपड्याखाली कुठेतरी असेल, दंडावर, मांडीवर, कुणी आणून दिलेला. कुणाच्या गालातून?

विदादनं दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. तो नेहमीच असा फुलायचा आणि नझीहाला नेहमीच त्याचा राग यायचा. विदादचा स्वच्छ, गोल, चाळिशीकडे झुकलेला चेहरा. तिचा नवरा मोटारीचे सुटे भाग विकायचा, घरात गालिचे होते, आणि ईद आली की विदाद तिच्यासाठी स्वतःच्या कपड्यांहून भारी कापड घ्यायची. आजारी पडलं की पहिली धावत यायची. तिनं पहिल्या मुलीचं नाव नझीहा ठेवलं तेव्हा नझीहा पाळण्याशी उभी राहून हसली होती आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली होती. कीव. या सगळ्याला तिनं एकच नाव दिलं होतं. स्वच्छ चेहऱ्याच्या बाईनं डागाळलेल्या बहिणीची केलेली कीव.

“अशी अचानक? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. मिरच्या करतेय. विदाद, तुझी मांडी कशानं भाजली?”

विदाद हातातलं सरबत टेबलावर ठेवता ठेवता थांबली. “भाजली?”

“किटलीनं.”

“कसली किटली?” विदाद म्हणाली, आणि मग तिच्याकडे टक लावून बघत राहिली. “नझीहा, तू असं काय बोलतेस? तुला माहीत नाही? तुझाच तर आहे तो.”

विदाद तिच्या शेजारी येऊन बसली, एकदम जवळ, आणि तिचा हात हातात घेतला. “मला वाटायचं, तू मुद्दाम त्याबद्दल बोलत नाहीस,” ती म्हणाली. “आई म्हणाली होती, तिच्यापाशी विषय काढू नकोस, तिला आवडत नाही बोलून दाखवलेलं. लग्नाच्या आधी हम्माममध्ये सांगितलं होतं मला. मी विचारलं, नवऱ्याला काय सांगू, तेव्हा. म्हणाली, तुझ्या बहिणीनं स्वतःहून गाल पुढे केला. तूच म्हणालीस म्हणे, माझा चेहरा तर गेलाच, माझ्यातलं घ्या आणि विदादचा वाचवा.”

“मी म्हणाले?”

“तू.”

“मी सहा वर्षांची होते.”

“हो, पण तू तशीच होतीस. शहाणी. मला तर खरंच वाटलं. मला अजूनही...” विदादचे डोळे भरून आले होते. “माझ्या मुलीला मी तुझं नाव दिलं ते उगाच दिलं का? सासूबाई किती रागावल्या होत्या, त्यांच्या आईचं नाव ठेवायचं होतं त्यांना. मी म्हटलं, नाही. माझा चेहरा जिनं दिला तिचं नाव.”

समोरच्या भिंतीवर विदादच्या कुटुंबाचा फोटो होता. नझीहा त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या आत गेल्या वीस वर्षांतल्या वस्तू एकेक करून जागा बदलत होत्या. ते कापड. हिवाळ्यात पाठवलेला बदाम घातलेला हलवा. ताप आला तेव्हा उशाशी बसलेली विदाद. कीव नव्हती ती. ती कृतज्ञता होती, खरीखुरी, न थकता वर्षानुवर्षं आणून दिलेली, आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी दिलेली होती. गच्चीवर गाल पुढे करणाऱ्या एका शहाण्या, उदार मुलीला. अशी मुलगी कधी नव्हती. आईनं ती बनवली होती, जशी नझीहानं निळी किटली बनवली होती. हो म्हणावं असं तिला क्षणभर वाटलं. हो म्हटलं की ती मुलगी आपलीच. पण घशातून जे आलं ते दुसरंच होतं.

“मला कुणी विचारलं नव्हतं, विदाद. मला माहीतसुद्धा नव्हतं. काल कळलं. मला वाटलं, आई गाल स्वच्छ करतेय.”

विदादनं हात काढून घेतला नाही, पण त्या हातातला जोर गेला. स्वयंपाकघरात काहीतरी उकळून झाकण खडखडत होतं, तिनं उठून गॅस बंद केला आणि तिथेच, पाठमोरी, ओट्याला धरून उभी राहिली.

“हे तू मला का सांगितलंस?” ती म्हणाली.

“तू विचारलंस.”

“मी नाही विचारलं. तू विचारलंस. तू इतक्या लांबून येऊन विचारलंस.” तिनं मागे वळून बघितलं आणि नझीहानं तिचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. जणू कुणी तिच्या घरातलं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. “माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं होतं. एवढंच होतं माझ्यापाशी. बाकी माझ्यासाठी कुणी काय केलंय? नवऱ्याला विचार, पोरांना विचार. तेवढं एक होतं. आणि आता काय, तर सुई. आईची सुई. आणि तू आपली झोपलेली.”

“मी झोपलेली नव्हते,” नझीहा म्हणाली. विदादनं तिला जेवून जा म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात एकच प्रश्न राहिला होता, आणि तो इतका सरळ होता की आदल्या दिवशी अंगणातच तो कसा सुचला नाही याचं तिला नवल वाटलं. आईला ही विद्या आधीपासून माहीत होती. तिच्या दंडावर होती. मग पहिल्या मुलीच्या वेळी काय झालं? सहा उन्हाळे गेले, सहा उन्हाळे ती गच्चीवर उघड्या गालानं झोपली, ती न वाजणारी माशी भेगेतून येऊन तिच्यावर बसेपर्यंत. कुणी सुई का आणली नाही? तिनं उत्तरं गोळा करायला सुरुवात केली. मी मुलगी झाले म्हणून. पहिला मुलगा हवा होता म्हणून. मी सावळी होते, आजीवर गेले होते, आणि आईचं आजीशी कधी पटलं नाही म्हणून. किंवा एक मुलगी घरात राहायला हवी म्हणून, म्हातारपणी भाकरी द्यायला. प्रत्येक उत्तरानं तिला दुखत होतं आणि प्रत्येक उत्तराशी ती थोडी थोडी सवय करून घेत होती. कुठलंही असलं तरी चालेल. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढं मोठं कारण तर असणार. मग आईचा द्वेष करता येईल, निदान ते तरी नीट करता येईल.

आई गच्चीवर होती. मिरचीचा लगदा मोठ्या परातींत पसरला होता आणि मावळतीच्या उन्हात तो आणखीच लाल दिसत होता. ती परातींच्या मधोमध उकिडवी बसून लाकडी चमच्यानं लगदा खालवर करत होती.

“विदादचा फोन होता,” ती मान वर न करता म्हणाली. “रडत होती. काय बोललीस तिला?”

“खरं बोलले.”

“खरं!” आईनं चमचा परातीवर आपटला. “तुला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला? मी उद्या डोळे मिटले तर तुला कोण बघणार आहे? नवरा नाही, पोर नाही. तिला तुझे उपकार वाटावेत, तुझ्याबद्दल माया राहावी, म्हणून मी ते एवढं जुळवून ठेवलं होतं. वीस वर्षं टिकलं. आणि तू दुपारी जाऊन मोडून आलीस?”

“आणि किटली? ती कशासाठी जुळवलीस?”

“तू लहान होतीस. विचारत होतीस सारखी, हिच्या मांडीला काय झालं. काहीतरी सांगायला हवं होतं.”

“माझ्यामुळे भाजलं असं सांगितलंस.”

“म्हणून तू तिच्याकडे लक्ष द्यायला लागलीस,” आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता, एक प्रकारचा हिशेबीपणा होता, घर चालवणाऱ्या बाईचा. “दोघी माझ्याच. एकीचं गेलं होतं. त्यातून दुसरीचं वाचलं. टाकून दिलं असतं का मी ते? तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?”

नझीहा तिच्यासमोर परातीच्या कडेला बसली. वारं होतं आणि डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

“मला का नाही दिलास?” ती म्हणाली. “माझा गेला नव्हता तेव्हा. मांडीवर. मला का नाही?”

आईचा चमचा थांबला. ती खरोखरच विचार करत होती. “तेव्हा घरात कुणाला नव्हता,” ती म्हणाली. “ओला फोड लागतो त्याला. आणायचा कुठून?”

“गल्लीत कुणाला नव्हता?”

“गल्लीत होता की. समोर, उम्म सुबहीच्या पोराला होता. दंडावर, मस्त ओला. तू तेव्हा अंगावर पीत होतीस.” ती थोडी हसली. “मी तुला कपड्यात गुंडाळून तिच्या दारापर्यंत नेलं होतं. सुई ओढणीला टोचून. आणि परत फिरले.”

“का?”

“बोलत नव्हतो ना आम्ही. मी कशी जाऊ तिच्या दारात मागायला? तिनं मग गल्लीभर सांगितलं असतं, आली ना शेवटी. म्हटलं, होईल पुढे कुणाला तरी. मग राहूनच गेलं.”

खाली गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. नझीहानं समोरच्या घराकडे बघितलं. उम्म सुबही मरून किती काळ झाला होता. आता तिथे दुसरीच माणसं राहत होती, त्यांच्याही गच्चीवर मिरच्या होत्या.

“कशावरून बोलत नव्हता?”

“काय गं आता ते.”

“सांग.”

“पाण्यावरून असेल. तिच्या पन्हळीचं पाणी आपल्या अंगणात यायचं.” आई थांबली. “नाही, ते नंतर. पन्हळ तुझे वडील गेल्यावर बसवली त्यांनी. मग कोंबड्या? नाही, कोंबड्या पलीकडच्या घरातल्या.” तिनं वर बघितलं आणि तिचा म्हातारा, स्वच्छ, एकही डाग नसलेला चेहरा मावळतीच्या उजेडात अगदी प्रामाणिक दिसत होता. “खरंच नाही गं आठवत, माझी आई. काहीतरी होतं.”

काहीतरी. नझीहा बसून राहिली. बसमध्ये जमवलेली सगळी कारणं तिच्याजवळ होती आणि त्यांतलं एकही लागत नव्हतं. तिची कुणाशी तुलना झाली नव्हती. ती नको होती असंही नव्हतं. तिला कपड्यात गुंडाळून, सुई ओढणीला टोचून, कुणीतरी खरोखर तिच्यासाठी दारापर्यंत गेलं होतं. आणि तिथून, हाक मारायच्या अंतरावरून, एका अशा गोष्टीसाठी परत फिरलं होतं जी आता जगात कुणालाही ठाऊक नव्हती. द्वेषालासुद्धा हाताला धरायला काही लागतं.

“हात दे,” आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. “दव पडायच्या आत झाकून ठेवू. ते कापड कुठे गेलं?”

नझीहानं हात दिला नाही. तिनं आईच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि तिला हळूच, पण उठता येणार नाही इतक्या जोरानं, खाली बसवलं.

“मिरची राहू दे,” ती म्हणाली. “बस. आठव.”

“काय वेड लागलं का तुला?”

“आठव.”

आईनं तिच्याकडे बघितलं, खांद्यावरच्या हाताकडे बघितलं. मग ती परत खाली बसली, लाल झालेली बोटं मांडीत धरून, समोरच्या घराकडे तोंड करून, आणि तिचे ओठ हळूहळू हलायला लागले.